पाटीपासून फाटकापर्यंत

त्या दिवशी सकाळी साडेसहाला आमच्या घरातला इंटरकॉम वाजला. सोसायटीचा सेक्रेटरी म्हणून सकाळच्या इंटरकॉमचा मला दांडगा अनुभव आहे. एक तर पाणी आलेलं नसतं, नाहीतर कुणीतरी कुणाच्या गाडीमागे गाडी लावून झोपलेलं असतं. मी चहाचा कप हातात तसाच ठेवून फोन उचलला. आमचे वॉचमन लक्ष्मण बोलत होते. "साहेब, खाली या. शेवाळे काकांचं..." एवढं बोलून ते थांबले. आदल्याच आठवड्यात पार्किंगवरून शेवाळ्यांचं आणि माझं थोडं वाजलं होतं, त्यामुळे मी माझ्या नेहमीच्या सुरात म्हणालो, "त्यांचं काय म्हणणं असेल ते अर्जात लिहून द्यायला सांगा." मग लक्ष्मण म्हणाले, "साहेब, काका गेले. गेटवरच गेले."

एका माणसाच्या मरणाच्या बातमीला मी दिलेलं हे उत्तर. दोन महिने होत आले, ते वाक्य काही माझ्या कानातून जात नाही. लिफ्टची वाट न बघता मी जिने उतरलो. गेटबाहेर, कंपाउंडच्या भिंतीच्या कोपऱ्यावर पाण्याचा टँकर तिरका उभा होता. आमच्याच सोसायटीला पाणी घेऊन आलेला. त्याच्या पुढच्या चाकाशी शेवाळ्यांची करडी स्कूटर आडवी पडली होती, दुधाची रिकामी किटली रस्त्याच्या पार पलीकडे गेली होती, आणि शेवाळे कुशीवर झोपल्यासारखे पडले होते. फारसं रक्तही नव्हतं. मार डोक्याला होता म्हणे. मी तिथे किती वेळ उभा होतो कुणास ठाऊक. कुणीतरी माझ्या हातातला कप काढून घेतला एवढं आठवतं. दुसऱ्या दिवशी लक्ष्मण तो कप विसळून घरी घेऊन आले, तेव्हा आमचा कप तुमच्याकडे कसा, असं मी त्यांनाच विचारलं.

वामनराव शेवाळे मूळचे लोणी काळभोरचे. वाफेच्या इंजिनात कोळसा टाकण्यापासून सुरुवात करून ते डिझेल इंजिनाचे ड्रायव्हर झाले आणि निवृत्त होईपर्यंत पुण्याहून दौंडकडे आणि तिथून पुढे गाड्या नेत राहिले. मी पेठेत जन्मलो, तिथेच वाढलो आणि एका सरकारी कचेरीत दुसऱ्यांच्या पत्रांतल्या चुका काढण्यात माझी नोकरी गेली. आमची गाठ पडायचं खरं म्हणजे काही कारण नव्हतं. पण हडपसरला आयटी पार्क आला, उसाच्या जागी इमारती उभ्या राहिल्या आणि दोघांच्याही मुलांना कंप्युटरने नोकऱ्या दिल्या. मी दोन खोल्यांची जागा सोडून आणि ते रेल्वेची क्वार्टर सोडून एकाच महिन्यात एकाच इमारतीत राहायला आलो. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला विचारलं, "साहेब, सकाळी फिरायला जाता का? फाटकापर्यंत जाऊन येऊ." सकाळी फिरायला लोक टेकडीवर जातात, बागेत जातात. रेल्वेचं फाटक बघायला जाणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होतो.

आमच्या घरापासून वीस मिनिटांवर रेल्वेचं फाटक आहे. तिथे चहाची एक टपरी आहे आणि टपरीपुढे एक बाकडं. त्या बाकड्यावर बसून शेवाळे गाड्यांची परीक्षा घ्यायचे. फाटकाच्या सहाशे मीटर आधी रुळाच्या कडेला एक पिवळी पाटी असते, तिच्यावर काळ्या अक्षरांत 'सी/फा' लिहिलेलं असतं. सी म्हणजे सीटी, हिंदीतली शिट्टी; फा म्हणजे फाटक. त्या पाटीशी इंजिन आलं की ड्रायव्हरने शिट्टी सुरू करायची आणि इंजिन फाटक ओलांडेपर्यंत ती वाजवत राहायची, हा नियम. गाडी दिसायच्या आधीच शेवाळे कान टवकारायचे. "ह्यानं पाटीवरच धरली. पोरगं चांगलं हाय." नाहीतर, "हा झोपेतनं उठला आत्ता. पाटी गेली की मागं." कुणी मध्येच शिट्टी तोडून पुन्हा सुरू केली की ते चहाचा ग्लास बाकड्यावर आपटायचे. मी तोवर वर्तमानपत्रातल्या चुकांवर पेनाने खुणा करत असायचो. टपरीवाल्याला आम्ही दोघंही सारखेच वेडे वाटत असणार.

एकदा मी त्यांना माझ्या पुणेरी पद्धतीने छेडलं. म्हटलं, फाटक बंद आहे, गेटमन झेंडी घेऊन उभा आहे, रस्त्यावर चिटपाखरू नाही, हे सगळं ड्रायव्हरला लांबून दिसतं. मग त्या शिट्टीने कुणाला उठवायचं असतं? शेवाळे म्हणाले, "पाटी हाय म्हणून वाजवायची." मी हसलो. ते हसले नाहीत. "साहेब, पाटी दिसली की डोकं चालवायचं न्हाय. रस्ता मोकळा हाय का, कोण येतंय का, हे मी ठरवायला लागलो की एखाद्या दिवशी चुकणार. म्हणून पाटी. ती सांगेल ते करायचं." मग ते म्हणाले, जिथे नजर पोचत नाही तिथे आवाज पोचवायचा असतो, आणि माणसाची नजर त्याला वाटते त्याच्या निम्मीसुद्धा पोचत नाही.

त्याच बाकड्यावर, बऱ्याच महिन्यांनी, त्यांनी मला ती गोष्ट सांगितली. दौंडच्या पुढे एक फाटक होतं, गेटमन नसलेलं, दोन्ही बाजूंनी ऊस. शेवाळ्यांनी पाटीपासून शिट्टी धरली होती. उसातून एक ट्रॅक्टर आला. नवा कोरा, हार घातलेला, वर टेपरेकॉर्डर लावलेला. चालवणाऱ्या पोराने मान वळवून पाहिलंसुद्धा नाही. गाडी थांबायला पुढे बरंच अंतर जावं लागतं. ती थांबली तरी शेवाळ्यांचा हात शिट्टीच्या दांड्यावरच होता आणि ती वाजतच होती. असिस्टंटने त्यांची बोटं एकेक करून सोडवली. चौकशीत साहेबांनी एकच विचारलं, शिट्टी कुठून सुरू केली? पाटीवरून, शेवाळे म्हणाले. शेजारच्या शेतातल्या माणसांनीही तसंच सांगितलं आणि त्यांच्यावर ठपका आला नाही. पण दहाव्याला ते त्या गावात गेले. आपण कोण ते न सांगता मागे उभे राहिले. मुलाचा बाप कुणाला तरी सांगत होता, शिट्टी घरात ऐकू आली होती, पण ती रोजचीच, तिच्याकडे कोण लक्ष देतंय... "ते मी कुणाला बोललो न्हाय कधी," शेवाळे मला म्हणाले. "घरीसुद्धा न्हाय."

असा हा माणूस स्कूटर चालवायचा तीही इंजिन चालवल्यासारखी. रोज सकाळी सव्वासहाला ते लोणीला भावाकडे दूध आणायला जात. पार्किंगच्या शेवटच्या खांबापाशी त्यांचा हॉर्न सुरू व्हायचा आणि पुढचं चाक रस्त्यावर टेकेपर्यंत बंद व्हायचा नाही. त्याला कारणही होतं. समोरची पाऊलवाट बघता बघता आयटी पार्कला जायचा जवळचा रस्ता झाली होती. कंपन्यांच्या बसगाड्या, कॅब, टँकर, सगळं तिथूनच धावायचं. धूळ आत येते म्हणून मी ठराव करून कंपाउंडची भिंत दोन हात वाढवून घेतली होती, त्यामुळे गेटमधून उजवीकडचं काही म्हणजे काही दिसायचं नाही. पण आमच्या इमारतीत निम्मी मुलं अमेरिकेच्या वेळेवर काम करणारी. ती पहाटे येऊन झोपायची आणि सव्वासहाला ही शिट्टी. तिसऱ्या मजल्यावरचा एक मुलगा डोळे चोळत माझ्याकडे आला आणि म्हणाला, "काका, आम्ही आत्ता लॉगआउट करून झोपतो हो. प्लीज काहीतरी करा ना." मी त्याला लेखी तक्रार मागितली. सतरा सह्यांचं पत्र आलं.

विषय वार्षिक सभेत आला. शेवाळे उठून उभे राहिले आणि त्यांच्या पद्धतीने सावकाश बोलू लागले. भिंत उंच आहे, वळण आंधळं आहे, अशा ठिकाणी आवाज दिल्याशिवाय बाहेर पडू नये, मी एकट्याने नाही तर सगळ्यांनीच हॉर्न वाजवावा. लोक ऐकत होते. एकदोन माना हललेल्याही मी पाहिल्या. वाद माझ्या हातातून निसटतोय असं मला वाटलं, आणि सभेत हरायची मला सवय नाही. मी म्हणालो, "शिट्टी रोजची झाली की तिच्याकडे कुणी लक्ष देत नाही, हे शेवाळ्यांनीच मला सांगितलेलं आहे. त्यांना याचा दौंडकडचा अनुभव आहे. तेव्हा जी शिट्टी रुळावर उपयोगी पडली नाही, ती पार्किंगमध्ये काय दिवे लावणार?" सभागृहात मोठा हशा पिकला. त्या वाक्याच्या आत काय आहे हे त्यांच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं, त्यांचा काही दोष नाही. माहीत होतं ते आम्हा दोघांना. शेवाळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, टोपी सारखी केली आणि खाली बसले. ठराव एकमताने संमत झाला. एकमताने, कारण त्यांनीही हात वर केला.

पाटीचा मजकूर अर्थातच मी लिहिला. 'येथे हॉर्न वाजवू नये. येथे माणसे राहतात, त्यांना ऐकू येते.' रंगाऱ्याकडे पिवळा रंग शिल्लक होता, म्हणून पिवळ्यावर काळी अक्षरं. गेटच्या खांबावर ती लावली त्या दिवशी येणारे-जाणारे थांबून वाचत होते, दोघा-तिघांनी फोटो काढले, आणि मला, खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं. शेवाळे किटली घेऊन आले, पाटीसमोर उभे राहिले, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. "रंग बरोबर हाय," एवढंच म्हणाले. मी ते कौतुक समजलो.

दुसऱ्या दिवसापासून हॉर्न बंद. एकदाही नाही. त्याऐवजी ते गेटपाशी स्कूटर थांबवायचे, उतरून स्टँडवर लावायचे, चालत रस्त्यापर्यंत जायचे, उजवीकडे बघायचे, डावीकडे बघायचे, परत येऊन किक मारायचे आणि निघायचे. मी बाल्कनीत चहा घेत हे रोज पाहायचो आणि आमच्या हिला बोलावून दाखवायचो. एकदा मी त्यांना म्हटलं, अहो, एवढी कवायत कशाला, हळूच पुढे घ्यायची की. ते म्हणाले, गेटमन नसलेल्या फाटकाला रस्त्याच्या माणसानं थांबायचं, उतरायचं, दोन्ही बाजू बघायच्या, मगच जायचं, असा नियम आहे. "आता मी रस्त्याचा माणूस," ते म्हणाले. आमचं फाटकापर्यंत जाणं चालूच होतं, ते दूध घेऊन आले की आम्ही निघायचो. फक्त आता ते गाड्यांना गुण देत नव्हते. गाडी यायची, शिट्टी वाजायची, ते नुसते ऐकायचे. वय झालं, असं मी समजलो.

गेल्या दिवाळीनंतर त्यांचा उजवा गुडघा धरला. जिना टाळायला लागले, फिरणं कमी झालं. स्कूटरवरून उतरायचं, स्टँडला लावायची, पुन्हा किक मारायची, यात चेहरा पिळवटायचा. हे मला बाल्कनीतून दिसत होतं. मला दिसत होतं आणि मी काही केलं नाही, हे मी इथे स्पष्ट लिहून ठेवतो. मधूनमधून ते न उतरताच जायला लागले होते. एका पायावर स्कूटर तोलून मान पुढे काढून बघायचे. पण मान भिंतीच्या पुढे पोचत नव्हती.

त्या सकाळी काय झालं ते लक्ष्मणांनी पाहिलं. त्यांनी ते पोलिसांना सांगितलं, नंतर मला सांगितलं, आणि मी त्यांना पुन्हापुन्हा सांगायला लावलं. "काका थांबले होते साहेब. पाय खाली टेकवला. अंगठा हॉर्नवर होता, मी बघितला ना. मग त्यांनी वर पाटीकडं बघितलं. अंगठा काढला आणि गाडी पुढं घेतली." अंगठा काढला... लक्ष्मण आपला अंगठा हवेत धरून दाखवायचे आणि बाजूला घ्यायचे. मी किती वेळा विचारलं तरी त्यात फरक पडला नाही.

टँकरचा ड्रायव्हर फुटपाथवर डोकं धरून बसला होता. हॉर्न ऐकला असता तर थांबलो असतो, एवढंच तो प्रत्येकाला सांगत होता. पंचनाम्याला पंच हवे होते. सोसायटीचे सेक्रेटरी कोण, असं हवालदारांनी विचारलं आणि मी पुढे झालो. त्यांनी लक्ष्मणांना विचारलं, "हॉर्न वाजवला होता का?" लक्ष्मण माझ्याकडे बघून म्हणाले, नाही. हवालदारांनी लिहिलं की स्कूटरचालक हॉर्न न वाजवता अचानक रस्त्यावर आला. मी तो कागद वाचला. त्यातली दोन वाक्यं सवयीने नीट करून दिली आणि खाली सही केली. माझ्या डोक्यापासून हातभर अंतरावर माझी पाटी होती. हवालदारांनी वर पाहिलं नाही आणि मी दाखवली नाही. सगळा जन्म पाटीपासून फाटकापर्यंत शिट्टी वाजवलेल्या माणसाच्या शेवटच्या कागदावर, त्याने हॉर्न वाजवला नाही असं लिहिलं आहे, आणि त्याखाली माझी सही आहे.

हे मला सहन होईना. तेराव्यानंतर मी शेवाळे वहिनींकडे गेलो आणि सगळं सांगितलं. सभेतलं वाक्यसुद्धा. त्या धान्य निवडत होत्या, त्यांनी हात थांबवला नाही. त्या मिटिंगचं त्यांना शेजारणीनं तेव्हाच सांगितलं होतं. "दौंडचं म्हणजे काय, असं मी ह्यांना विचारलं. तेव्हा कुठं मला ती गोष्ट कळली. एवढ्या वर्षांत मला न्हाय सांगितली, तुम्हाला सांगितली होती." मी विचारलं, माझ्याबद्दल काही बोलले का? "न्हाय. लिमयेसाहेब खरं तेच बोलले, म्हणाले. मग जेवले न्हायत." त्यांनी मला चहा दिला. तो मला प्यावा लागला.

मग मी पोलीस चौकीत अर्ज घेऊन गेलो. आयुष्यभर लोकांना अर्ज लिहून द्यायला सांगितलं, हा माझा पहिला. गेटवर हॉर्न वाजवण्यास मनाई करणारी पाटी होती, ती मी लावली, मृत व्यक्ती तिचे पालन करत होती, भिंतीची उंचीही मीच वाढवली, हे सर्व जबाबात घ्यावे. तिथल्या साहेबांनी तो दोनदा वाचला. त्यांना माझी दया आली असावी. "आजोबा, पाटी वाचून कोण वागतं का पुण्यात?" ते म्हणाले. मी म्हणालो, एक जण वागत होता. त्यांनी अर्जावर शिक्का मारला आणि फाइलला लावला. त्याने काय होईल ते मला माहीत नाही. बहुतेक काहीच होणार नाही. पण ते आता कागदावर आहे.

पाटी मी स्वतः स्टुलावर चढून काढली. भिंतही उतरवायला घेतली आहे, सभेत या वेळी कुणी हसलं नाही. सेक्रेटरीपदाचा राजीनामा दिला आहे. हे सगळं लिहिताना मला कुठेतरी बरं वाटेल असं वाटलं होतं, तसं काही वाटत नाही. सकाळी साडेसहाला अजून नजर इंटरकॉमकडे जाते. फाटकाकडे मी एकदा गेलो. एक गाडी अगदी पाटीवरून शिट्टी धरून आली आणि फाटक ओलांडेपर्यंत तिने ती सोडली नाही. चांगलं पोरगं असणार. मला ते सांगायला शेजारी कुणी नव्हतं.

गेल्या रविवारी शेवाळ्यांचा मुलगा, चौकीतून आणून पुन्हा जागेवर लावलेली ती स्कूटर दुरुस्त करून गावी घेऊन गेला. इतकी वर्षं ती शेवटच्या खांबाला टेकून उभी असायची, तिथली जागा मोकळी झाली. झाडायला आलेल्या बाईंनी मला हाक मारून दाखवलं. खांबावर, स्कूटरच्या हँडलच्या उंचीवर, तळहाताएवढा एक पिवळा चौकोन रंगवलेला होता. त्यात काळ्या रंगात, बारीक ब्रशने, 'सी/फा'. रोज सकाळी त्यांचा हॉर्न सुरू व्हायचा ती हीच जागा. आणि त्या अक्षरांवरून, दोन्ही कोपऱ्यांतून, पट्टी लावून सरळ काढलेली काळी फुली. जो सिग्नल आता पाळायचा नाही त्याच्यावर रेल्वेत अशी फुली मारतात, हे त्यांनीच मला फाटकाजवळचा एक जुना सिग्नल दाखवून सांगितलं होतं. माझी पाटी लागली त्या दिवशी त्यांनी आपली पाटी रीतसर बंद केली होती.

मी घरातून रॉकेल आणि फडकं आणलं आणि खाली बसून ती फुली पुसायला लागलो. पण तिच्याबरोबर खालची अक्षरंही निघायला लागली. म्हणून ती तशीच ठेवली आहे.